परक्यांच्या संघाचे नाव विद्यापीठ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



इटलीतील बोलोन्या या शहरात सप्टेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ असे एक सत्र मी विनिमय-विद्यार्थिनी म्हणून काढले. त्या अनुभवाविषयी बोलावे असा शिबिराच्या संयोजकांचा आग्रह होता. परदेशातून परतलेल्या माणसाचे भाषण म्हटले की श्रोते प्रवासवर्णनाची अपेक्षा करतात. तेथील मनोरे, चौक आणि खाद्यपदार्थ यांचे वर्णन मला करता येईल. परंतु तेवढ्यासाठी तुमची दुपार घेण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. मी एकच प्रश्न घेऊन उभी आहे. परगावी जाऊन शिकण्याचा हक्क कागदावर सर्वांना असतो. प्रत्यक्षात तो कोणाला मिळतो, आणि कशाच्या बळावर मिळतो?

प्रश्नाची सुरुवात निघण्यापूर्वीच झाली. आमच्या विद्यापीठाचा तेथील विद्यापीठाशी करार होता. इतिहास विषयातून दोघांची निवड व्हायची होती. यादीत पहिले नाव माझ्या एका वर्गबंधूचे होते, दुसरे माझे. नियम वाचले तर त्यांत अन्याय कोठेच दिसत नाही. तेथे शिक्षणशुल्क नाही, दरमहा ८०० ते ९०० युरोंच्या दरम्यान निर्वाहभत्ता, शिवाय प्रवासखर्चाची तरतूद. पण हे सारे पैसे हाती पडायचे ते तेथे पोहोचल्यावर. निघण्यापूर्वी व्हिसाचे शुल्क, विमा, विमानाचे तिकीट, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि बँकेत पुरेशी शिल्लक असल्याचा दाखला, एवढ्याची जुळवाजुळव ज्याची त्याने करायची. माझे वडील एस.टी.त वाहक. आईच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण पडल्या, मामांनी दोन महिन्यांसाठी आपली ठेव माझ्या खात्यावर ठेवली, आणि मी निघाले. माझ्या वर्गबंधूची आई दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाई. गहाण टाकण्यासारखे तिच्याजवळ काही नव्हते. त्याने माघार घेतली. कार्यालयाच्या नोंदीत त्याच्या नावापुढे ‘वैयक्तिक कारणास्तव’ असा शेरा पडला. साथींनो, दारिद्र्याला ‘वैयक्तिक कारण’ म्हणणारी ती ओळ पाचही महिने माझ्या डोळ्यांसमोरून हलली नाही.

बोलोन्याला मी आगगाडीने पोहोचले. स्थानकाच्या दर्शनी भिंतीवरील एक घड्याळ दहा वाजून पंचवीस मिनिटांवर थांबलेले आहे. ते बिघडलेले नाही. मुद्दाम तसे ठेवले आहे. २ ऑगस्ट १९८० रोजी त्या वेळी दुसऱ्या वर्गाच्या प्रतीक्षालयात नवफॅसिस्टांनी ठेवलेल्या बाँबचा स्फोट झाला. ८५ माणसे मृत्युमुखी पडली, २०० हून अधिक जखमी झाली. प्रतीक्षालयात आज त्यांची नावे आणि वये कोरलेली आहेत. सुटीवर निघालेली कुटुंबे, कामगार, लहान मुले. त्यांत एक वीस वर्षांचा जपानी विद्यार्थीही आहे. सामान खाली ठेवून मी ती यादी वाचली. ज्यांना वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते अशा साध्या प्रवाशांची ती जागा. द्वेषाचे राजकारण आपला बळी कोठे शोधते, हे त्या भिंतीजवळ वेगळे सांगावे लागत नाही.

नंतरचे तीन आठवडे मी जागा शोधण्यात घालविले. व्हिसासाठी दाखविलेली जागा काही दिवसांपुरतीच होती. देशात आल्यापासून कामाच्या आठ दिवसांत निवासपरवान्यासाठी टपालकचेरीत अर्ज करावा लागतो. त्यावर पत्ता हवा. आणि पत्ता हवा तर घरमालक हवा. विद्यापीठाच्या भिंतींवर खोल्यांच्या चिठ्ठ्या लागलेल्या असत. काहींवर ‘फक्त इटालियन’ असे स्पष्ट लिहिलेले, काहींवर न लिहिता दूरध्वनीवर ऐकू येणारे. माझे उच्चार ऐकले की खोली ‘नुकतीच गेलेली’ असे. भारतात जात विचारून घर नाकारतात हे मला ठाऊक होते. त्यामुळे तो सूर ओळखायला भाषा फारशी यावी लागली नाही. अखेर एका खोलीतील दोन खाटांपैकी एक मला महिना ३५० युरोंना मिळाली. भत्त्याचा पहिला हप्ता तोवर आलेला नव्हता.

दुसऱ्या खाटेवर कालाब्रिया या दक्षिणेकडील गरीब प्रांतातील मुलगी होती. तिला घरून ऑलिव्हचे तेल, सुक्या मिरच्या आणि आजीने भरलेली बरणी अशी पेटी येई. पुण्यात शिकणाऱ्या आपल्या मुलांना गावाकडून एस.टी.ने डबा येतो, तशीच ती पेटी. आपले घर सोडून परक्या शहरात शिकणाऱ्यांना तेथे ‘फुओरीसेदे’ म्हणतात. म्हणजे बाहेरगावचा, ठिकाणावर नसलेला. २५ सप्टेंबर २०२२ रोजी इटलीत संसदेची निवडणूक झाली. माझ्या खोलीसोबतिणीला मत द्यायचे होते. पण मत गावाकडच्या केंद्रावरच देता येई आणि जाण्यायेण्याचा खर्च तिच्या आठवड्याच्या जेवणाएवढा होता. ती गेली नाही. शिक्षणासाठी बाहेरगावी राहणाऱ्यांना तेथूनच मत देण्याची सोय प्रायोगिक स्वरूपात पहिल्यांदा झाली ती जून २०२४ च्या युरोपीय निवडणुकीत. त्या रात्री ती मला म्हणाली, की परदेशी तू एकटीच आहेस असे समजू नकोस. तिच्या या एका वाक्याने माझा एकटेपणा गेला, आणि अभ्यासाची दिशाही बदलली. मी या शहरातील परक्यांचा इतिहास शोधू लागले.

साथींनो, तो इतिहास आपल्या कामाचा आहे. बोलोन्याचे विद्यापीठ युरोपातील सर्वांत जुने मानले जाते; परंपरेने त्याचे वर्ष १०८८ सांगतात. कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी दूरदूरहून तरुण तेथे येत. ते नगराचे नागरिक नव्हते, म्हणून नगराचा कायदा त्यांना संरक्षण देत नसे. एखाद्या जर्मन व्यापाऱ्याने कर्ज बुडविले, तर त्याच्या देशाचा म्हणून जर्मन विद्यार्थ्याची वस्तू जप्त करण्याची रीत होती. ११५८ च्या सुमारास सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याच्या फर्मानाने ही रीत बंद केली आणि आपल्या गुरूपुढे वा बिशपपुढे न्याय मागण्याचा हक्क विद्यार्थ्याला दिला. परंतु फर्मानावर विसंबून कोणाचेही पोट भरत नाही. विद्यार्थ्यांनी आपले संघ बांधले. या संघाला लॅटिनमध्ये शब्द होता ‘युनिव्हर्सितास’. आज युरोपीय भाषांत विद्यापीठाला जो शब्द आहे तो यातून आलेला. त्याचा मूळ अर्थ विद्येचे मंदिर असा नाही. एकत्र बांधलेल्या माणसांचा समुदाय, म्हणजे आपल्या भाषेत संघ किंवा संघटना, असा आहे. आपला ‘विद्यापीठ’ हा शब्द आसनाकडे बोट दाखवितो. त्यांचा शब्द समोर बसलेल्यांकडे.

आणि हा संघ कोणाचा होता? बोलोन्यात जन्मलेला विद्यार्थी त्याचा पूर्ण सभासद नसे. त्याला नगराचे संरक्षण होतेच. ज्याला हक्क नाहीत त्यानेच संघटना केली. हे संघ आपला प्रमुख निवडत, आणि तो प्रमुख विद्यार्थीच असे. प्राध्यापकाला त्याच्यापुढे शपथ घ्यावी लागे. घंटा झाल्यावर उशिरा आला किंवा वेळ संपल्यावर बोलत राहिला तर प्राध्यापकाला दंड होई. आपल्यापैकी काही प्राध्यापक मंडळी आता अस्वस्थ झालेली दिसतात. परंतु त्यांनी भिऊ नये. पुढे नगराने प्राध्यापकांना पगार देण्यास सुरुवात केली आणि विद्यार्थ्यांची ती सत्ता हळूहळू ओसरली.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट वर्गातली नसून खोलीच्या भाड्याची आहे. भाडे घरमालकाने एकट्याने ठरवायचे नाही. नगराचे आणि विद्यार्थ्यांचे पंच बसून ते ठरवीत. ते न मानणाऱ्या मालकाच्या घरी राहण्यास संघ आपल्या सभासदांना मनाई करी. बोलणी फिसकटली तर अखेरचे शस्त्र होते शहर सोडून जाण्याचे. १२२२ मध्ये बोलोन्यातून निघालेल्या गुरुशिष्यांमुळेच पादुआचे विद्यापीठ उभे राहिले. बहिष्कार, पंच आणि सामुदायिक स्थलत्याग ही तिन्ही साधने आठशे वर्षांपूर्वी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरांनी वापरली होती. पुढे १४९६ मध्ये याच शहरी आलेला कोपर्निकस नावाचा एक विद्यार्थी जर्मन विद्यार्थ्यांच्या संघात नाव नोंदवितो. ज्याने पुढे पृथ्वीला विश्वाच्या केंद्रस्थानावरून हलविले, त्यालाही आधी परक्या गावात संघाचा आधार शोधावा लागला.

या संघटनेपुढे शहराने काय केले, हे तेथील रस्त्यांवर आजही दिसते. बोलोन्याच्या रस्त्यांना दोन्ही अंगांनी कमानींचे ओटे आहेत. सगळे मिळून ते सुमारे ६२ किलोमीटर भरतात. २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून त्यांची निवड केली. पण त्यांचा जन्म सौंदर्यदृष्टीतून झालेला नाही. विद्यार्थी आणि खेड्यांतून आलेले कष्टकरी यांनी शहर भरून गेले, तेव्हा घरमालकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि त्यांना खालून खांबांचा टेकू दिला. सरळ भाषेत सांगायचे तर ते अतिक्रमण होते. अन्य नगरांनी अशी बांधकामे पाडली. बोलोन्याने १२८८ च्या नियमाने उलट दिशा धरली. घराला कमानीचा ओटा असलाच पाहिजे. जमीन आणि दुरुस्ती मालकाची, पण खालून जाण्यायेण्याचा हक्क सर्वांचा. खाजगी मालकी सार्वजनिक उपयोगाला कशी बांधून घ्यावी, याचा धडा मला आपल्या शिबिरांतील व्याख्यानांत मिळाला नव्हता तो नोव्हेंबरच्या पावसात छत्रीवाचून दोन मैल चालत जाताना मिळाला. रात्री त्याच कमानींखाली बेघर माणसे पुठ्ठे अंथरून झोपत, हेही सांगितले पाहिजे. तेराव्या शतकातील नियम त्यांना छप्पर देतो. एकविसाव्या शतकातील व्यवस्थेने त्यांना दार दिलेले नाही.

वर्गातील एक प्रसंग सांगते. तेथे बहुतेक परीक्षा तोंडी असतात आणि त्या उघड्या दारांनी होतात. कोणीही येऊन ऐकत बसावे. गुण तिसांपैकी, उत्तीर्ण होण्यास अठरा. मध्ययुगीन इतिहासाच्या परीक्षेत मी पाठ केलेले घडाघडा म्हणून दाखविले. प्राध्यापिकाबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “हे पुस्तकाचे मत झाले. तुमचे काय?” मला उत्तर सुचेना. त्यांनी एकवीस गुण सांगितले आणि पुढे विचारले, “आपण हे स्वीकारता का?” मला प्रथम प्रश्नच कळला नाही. गुण नाकारून पुन्हा परीक्षेस बसण्याचा हक्क तेथे विद्यार्थ्याला निदान एकदा तरी असतो. सतरा वर्षांच्या शालेय आणि महाविद्यालयीन आयुष्यात मला दिलेल्या कोणत्याही गोष्टीविषयी ‘स्वीकारता का’ असे कोणी विचारले नव्हते. मी नाही म्हटले. तीन आठवड्यांनी पुन्हा बसले, खोल्यांच्या भाड्यांवर पंच नेमण्याच्या जुन्या पद्धतीविषयी माझे स्वतःचे म्हणणे मांडले आणि सत्तावीस गुण घेतले. त्या गुणांपेक्षा तो नकार मला अधिक मोलाचा वाटतो.

अभ्यासाला मी बहुधा नगरपालिकेच्या ‘सालाबोर्सा’ या ग्रंथालयात बसे. नावातच कथा आहे. ‘बोर्सा’ म्हणजे शेअरबाजार. जेथे पूर्वी दलालांचे व्यवहार चालत त्या भव्य दालनात २००१ पासून सार्वजनिक ग्रंथालय आहे. आत जाण्यास तिकीट नाही, ओळखपत्र नाही. माझ्या शेजारी कधी निवृत्त कामगार वर्तमानपत्र वाचीत बसे, कधी परदेशातून आलेला मजूर इटालियन क्रियापदे गिरवीत असे, कधी कोणी केवळ ऊब घेण्यासाठी आलेला असे. त्याला कोणी उठवीत नसे.

हे सारे ऐकून बोलोन्या म्हणजे स्वर्ग असा समज करून घेऊ नका. युद्धानंतर अनेक दशके तेथील नगरपालिका कम्युनिस्टांच्या हाती होती. त्यांनी केलेले काम थोर आहे. १९७३ च्या योजनेत जुन्या शहरातील कामगारांची मोडकळीला आलेली घरे पाडून तेथे कचेऱ्या उभारण्याऐवजी ती दुरुस्त करून त्याच रहिवाशांना तेथे ठेवण्याचे धोरण त्यांनी आखले. पण बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांचे दुःख त्याच डाव्या नगरीला वेळेवर उमगले नाही. खोल्या नाहीत, भोजनगृहांत गर्दी, शिक्षणानंतर नोकरी नाही, अशा अवस्थेत १९७७ चा उद्रेक झाला. ११ मार्चला फ्रान्चेस्को लोरुस्सो हा वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी काराबिनिएरी या सशस्त्र पोलीसदलाच्या गोळीने मरण पावला. दोन दिवसांनी विद्यापीठाच्या गल्ल्यांत चिलखती गाड्या शिरल्या. त्या वेळी महापौर होते रेनातो झांगेरी. ते स्वतः त्याच विद्यापीठातील इतिहासाचे प्राध्यापक. ज्या पक्षाने कामगाराचे घर वाचविले त्याला विद्यार्थ्याची खोली राजकारणाचा विषय वाटली नाही. मतदारयादीत नसलेला माणूस पक्षाच्या हिशेबातूनही निसटतो. हा दोष इटलीतील पक्षांपुरता मर्यादित आहे असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

विनिमयाच्या कल्पनेमागेही एका विद्यार्थिनीचा अपमान आहे. सोफिया कोर्राडी ही रोमची तरुणी शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि १९५८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन परतली. रोमच्या विद्यापीठाने त्या अभ्यासाला मान्यता नाकारली. वर तिची कानउघाडणी केली. पुढे तिने परक्या विद्यापीठातील अभ्यास आपल्या विद्यापीठाने मोजावा यासाठी १९६९ पासून पाठपुरावा केला. अखेर १९८७ मध्ये ‘इरॅस्मस’ योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी गेले. योजनेला ज्याचे नाव आहे तो पंडित इरॅस्मस १५०६ मध्ये याच बोलोन्यात येऊन राहिला होता. कोर्राडीबाई २०२५ च्या ऑक्टोबरात वारल्या. एका बाईने आपला अपमान खाजगी दुःख म्हणून गिळला नाही, त्याचा सार्वजनिक प्रश्न केला. त्यामुळे लक्षावधी मुलामुलींना सीमा ओलांडता आल्या, मलाही.

परंतु अभ्यासाला मान्यता मिळाली, तरी खोली मिळत नाही. इटलीच्या राज्यघटनेच्या ३४ व्या कलमाने गुणी पण साधनहीन विद्यार्थ्याला शिक्षणाच्या उच्चतम पायरीपर्यंत पोहोचण्याचा हक्क दिला आहे. तरीही शिष्यवृत्तीस पात्र ठरूनही निधीअभावी ती न मिळालेले विद्यार्थी तेथे असतात, आणि त्यांच्यासाठी सरकारी भाषेत स्वतंत्र नावही आहे: ‘पात्र, परंतु लाभार्थी नव्हे’. ज्या खोल्यांत पूर्वी विद्यार्थी राहत त्या आता प्रवाशांना दिवसाच्या भाड्याने देणे मालकाला अधिक किफायतीचे पडते. मी परतल्यानंतर तीनच महिन्यांनी, मे २०२३ मध्ये, मिलानमध्ये एका विद्यार्थिनीने विद्यापीठासमोर तंबू ठोकला आणि पाहता पाहता इटलीतील अनेक शहरांत असे तंबू उभे राहिले. बोलोन्यातही राहिले. मला त्यात आठशे वर्षांपूर्वीचा तो परक्यांचा संघ दिसला.

साथींनो, ही गोष्ट आपल्याला नवी वाटू नये. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांना बळ दिले. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसविले. शाळा काढली तरी दूरच्या गावचा मुलगा रात्री कोठे झोपणार, हा प्रश्न त्यांनी शिक्षणाचाच प्रश्न मानला. आज आपल्या तालुक्यातून पुण्याला गेलेला मुलगा एका खोलीत सहाजणांत राहतो आणि डब्याचे पैसे वाचविण्यासाठी एक वेळ जेवतो. त्याचे नाव आपल्या मतदारयादीत आहे, पण तो गावात नाही; पुण्यात तो आहे, पण तेथल्या यादीत नाही. तोही फुओरीसेदे आहे.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. विनिमयासाठी निवडलेल्या विद्यार्थ्याला निघण्यापूर्वीच भत्त्याची उचल मिळावी, आणि तारण म्हणून त्याच्या निवडीचे पत्र पुरेसे मानावे. हे आपल्या विद्यापीठांकडून करून घेता येईल. आपल्या हाती असलेल्या पतसंस्था यासाठी बिनतारण कर्जाचा ठराव पुढच्याच सभेत करू शकतील. आणि बाहेरगावी राहणाऱ्या विद्यार्थ्यांची भाड्याच्या प्रश्नावर संघटना बांधणे हे काम आपल्या कार्यक्रमपत्रिकेत तळाशी असू नये.

परत आल्यावर मी माझ्या वर्गबंधूला भेटायला गेले. तो तालुक्याच्या गावी एका दुकानात हिशेब लिहितो. मी आणलेले पुस्तक त्याने चाळले आणि एकच प्रश्न विचारला, “तेथल्या परीक्षेत खरोखरच ‘स्वीकारता का’ असे विचारतात?” मी होय म्हटले. तो हसला आणि म्हणाला, “मला कोणी विचारले नाही.”

त्याच्या नावापुढचा तो शेरा खोडणे अजून बाकी आहे. ते काम मी एकटीने करण्याचे नाही, म्हणून आज तुमच्यापुढे बोलले.